जुन्या नाण्याच्या मशीनला कार्ड: रीडर नंतर, आधी वायरी बघा

स्टीलचं जुनं एक रुपयाचं नाणं २५ मिलिमीटर व्यासाचं आणि ४.८५ ग्रॅम वजनाचं आहे. २०११ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणंसुद्धा २५ मिलिमीटरचं आणि ४.८५ ग्रॅमचंच. धातूही तोच, स्टेनलेस स्टील. आता नाणं टाकलं की माल देणाऱ्या व्हेंडिंग मशीनमध्ये, आत नमुन्याचं नाणं अडकवून त्याच्याशी पडणाऱ्या नाण्याची तुलना करणारा जो स्वस्तातला कॉइन ॲक्सेप्टर असतो, त्याने या दोघांत फरक करायचा तरी कसा? दहाच्या नाण्याची आणखी वेगळी गंमत. १४ वेगवेगळ्या नक्ष्यांची दहाची नाणी चलनात आहेत आणि ती सगळी चालतात, हे रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढून सांगावं लागलं. मशीनला पत्रक वाचता येत नाही.

मग दारावर ‘नाणी बंद आहेत’ असा कागद चिकटतो, आणि पुढचा विचार ठरलेला असतो: कार्ड रीडर लावून टाकू. लावता येतो. पण रीडर हा या कामातला सोपा भाग आहे, तो बाजारात तयार मिळतो. खरे प्रश्न दोनच. गिऱ्हाईकाने निवडलेल्या वस्तूची किंमत रीडरला कोण सांगणार? आणि वस्तू खाली पडली की वरच लटकली, हे त्याला कोण कळवणार? नाण्याच्या दिवसांत पाकीट अडकलं की गिऱ्हाईक दाराला एक दणका द्यायचा आणि विषय तिथेच संपायचा. कार्डाचे पैसे खात्यातून गेलेले असतात, ते दणक्याने परत येत नाहीत. म्हणून रीडरच्या जाहिराती बघण्याआधी मशीनचं दार उघडून आतल्या वायरी बघा. मशीन कोणती भाषा बोलतं त्यावर पुढचं सगळं ठरतं.

दार उघडल्यावर

नाणेयंत्रातून, म्हणजे कॉइन मेक किंवा कॉइन ॲक्सेप्टरमधून, निघालेली वायर कंट्रोल बोर्डाकडे जाते, तिचा कनेक्टर बघायचा.

तीन-तीनच्या दोन ओळींत सहा पिनांचा मोलेक्स मिनी-फिट कनेक्टर असेल, तर बहुतेक एमडीबी आहे, म्हणजे बोर्ड आणि पैसे घेणारी उपकरणं यांच्या बोलण्याची ठरलेली भाषा, आणि तुमचं निम्मं काम झालं. खात्री मल्टिमीटरने करा. पिन १ आणि २ मध्ये डीसी व्होल्टेज मोजा. नाममात्र आकडा ३४ व्होल्टचा, पण २० ते ४२.५ पर्यंत काहीही चालतं, आणि नव्या मशीनांत स्थिर २४ व्होल्टही दिसतात. पिन ३ रिकामी असते. ४ म्हणजे बोर्ड ऐकतो ती वायर, ५ म्हणजे बोर्ड बोलतो ती, ६ ही संदेशाची सामाईक वायर.

तीन किंवा चारच वायरी, त्यात लाल १२ व्होल्ट, काळी ग्राउंड आणि एकीवर ‘कॉइन’ लिहिलेलं असेल, तर ते पल्सचं मशीन. आपल्याकडची पाण्याची, सॅनिटरी नॅपकिनची आणि बरीचशी स्थानिक बनावटीची मशीनं याच जातीची. यात मार्ग आहे, पण मेहनत आहे.

मल्टिमीटर डीसीवर काहीच दाखवत नाही आणि एसीवर २४ व्होल्ट दाखवतो, असं झालं तर हात मागे घ्या. युरोपीय मशीनांत एक्झिक्युटिव्ह नावाचा प्रोटोकॉल २४ व्होल्ट एसीवर चालतो. त्यासाठी वेगळा रीडर किंवा मधला कन्व्हर्टर लागतो. अमेरिकेतून जुन्या बाजारात आलेल्या, सगळ्या वस्तूंना एकच किंमत असलेल्या शीतपेयांच्या मशीनांत तर नाणेयंत्राला थेट ११० ते १२० व्होल्ट एसी मिळतो. तिथे एमडीबी रीडरची वायर जुगाड करून जोडली, तर रीडर जळेल आणि हातही पोळेल. अशा मशीनचा अख्खा कंट्रोल बोर्ड आणि हार्नेस एमडीबीचा बसवावा लागतो. त्याची किट अमेरिकेत तयार मिळतात. इथे मागवून, जकात भरून, वर २३० चे ११५ करणारा ट्रान्सफॉर्मर सांभाळून हे परवडतं का, याचा हिशेब आधी कागदावर करा. बहुतेक वेळा परवडत नाही.

चौथी जात म्हणजे नाणं टाकून खटका ओढायची निव्वळ यांत्रिक पेटी. तिच्यात वीजच नाही, कार्ड कुठे लावणार? ती तशीच जपून ठेवा.

एमडीबी: दोघांमधलं बोलणं

एमडीबीचं मानक अमेरिकेची नामा आणि युरोपची ईव्हीए या व्हेंडिंग संघटना सांभाळतात. ४.३ ही आवृत्ती जुलै २०१९ ची. एका वायरीवर अनेक उपकरणं लटकतात आणि प्रत्येकाला स्वतःचा पत्ता असतो: नाणेयंत्राचा ०८, कॅशलेस रीडरचा १०, नोट घेणाऱ्या यंत्राचा ३०, दुसऱ्या कॅशलेस रीडरचा ६०. हे सगळे आकडे हेक्समधले, म्हणजे सोळाच्या पद्धतीतले. पत्ता असल्यामुळे रीडर वायरीवर कुठेही जोडला तरी चालतो. क्रमाला महत्त्व नाही.

जोडणी दहा मिनिटांची आहे. मशीनचा प्लग भिंतीतून काढा, नुसतं आतलं बटण बंद करून भागत नाही. चालू वायरीवर कनेक्टर खुपसल्यानेच बोर्ड उडतात. नाणेयंत्राचा सहा पिनी कनेक्टर सोडवा, मध्ये रीडरबरोबर आलेली वाय-आकाराची केबल घाला, एक फाटा नाणेयंत्राला आणि दुसरा रीडरला. नाणेयंत्र काढून टाकायचा मोह आवरा. काही जुन्या बोर्डांना वायरीवर नाणेयंत्र दिसलं नाही की ते मशीनच बंद असल्याचं जाहीर करतात. नाणी घ्यायची नसतील तर फट बुजवा, यंत्र आत राहू द्या.

दारात रीडरला जागा लागते. नोट-यंत्राच्या शेजारी झाकणपट्टी असेल तर ती काढायची. नसेल तर पत्रा कापावा लागतो, आणि त्याआधी दाराच्या आतून कुलपाची दांडी, दिव्याची वायर आणि थंड मशीनमध्ये फोम कुठून जातो ते बघायचं. कापलेल्या कडेला रबरी ग्रोमेट न लावता केबल ओढली, तर दार उघडून-मिटून काही महिन्यांत तिचं आवरण सोलतं. दाराच्या बिजागरीजवळ केबलला सैल वळसा ठेवा.

वीज दिल्यावर जे घडतं ते समजून घेतलं की निम्मे दोष कागदावरच सापडतात. बोर्ड रीडरला रीसेट देतो. रीडर ‘आत्ताच जागा झालो’ म्हणतो. मग सेटअप: दोघं एकमेकांना आपली पातळी, चलन, किमतींचं माप सांगतात. नंतर बोर्ड रीडरला सुरू होण्याची परवानगी देतो. ही परवानगी येईपर्यंत रीडर ‘सेवा बंद’ असं काहीतरी दाखवत बसतो. सर्वांत जास्त फोन याच टप्प्यावरून येतात, आणि दोष बहुधा रीडरचा नसतो. बोर्डाच्या मेन्यूत कार्ड रीडर चालू केलेला नसतो, नाहीतर बोर्डाचा प्रोग्राम इतका जुना असतो की त्याला कॅशलेस ही भानगडच माहीत नसते. दुसऱ्या कारणावर एकच उपाय, बोर्डाची चिप किंवा बोर्ड बदलणं.

पुढे कार्ड टॅप झालं की रीडर ‘सत्र सुरू’ म्हणतो. गिऱ्हाईक बटण दाबतं. बोर्ड विचारतो, ‘अमुक क्रमांकाची वस्तू, अमुक किंमत, देऊ का?’ रीडर बँकेला विचारून ‘दे’ म्हणतो. मोटर फिरते. बोर्ड ‘दिली’ किंवा ‘देता आली नाही’ असं कळवतो आणि सत्र मिटतं. एमडीबीचं खरं मोल इथे आहे. किंमत बोर्डाकडून येते आणि यश-अपयशही बोर्ड सांगतो, म्हणजे वरचे दोन्ही प्रश्न सुटले. दुसरा अर्धाच सुटला खरं तर, त्याकडे पुढे येतो.

किमतीच्या मापात हमखास घोळ होतो. एमडीबीवर किंमत दोन बाइटमध्ये जाते, आणि तिला गुणक व दशांशाची जागा लावून खरी रक्कम निघते. गुणक १०० आणि दशांश २ असेल तर एक एकक म्हणजे एक रुपया. गुणक १ आणि दशांश २ असेल तर एक एकक म्हणजे एक पैसा. बोर्ड एका हिशेबाने आणि रीडर दुसऱ्या हिशेबाने चालला, की २० रुपयांचं बिस्किट २० पैशांना जातं किंवा गिऱ्हाईकाकडे २,००० रुपये मागितले जातात. चलनाचा संकेतही तपासा. सुरुवातीचा अंक ० असेल तर पुढे देशाचा फोन संकेत असतो, म्हणजे भारताला ००९१. सुरुवात १ ने असेल तर पुढे चलनाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, म्हणजे रुपयाला १३५६. अमेरिकेतून आलेल्या मशीनमध्ये १८४० किंवा ०००१ बसलेलं असतं, आणि काही बोर्ड चलन जुळलं नाही तर रीडरला गप्पच ठेवतात.

मशीनच्या पडद्यावर टॅप केल्यावर ६५५.३५ असा आकडा दिसला तर घाबरू नका. शिल्लक किती ते सांगायचं नसेल तर रीडर दोन्ही बाइट पूर्ण भरून पाठवतो, आणि काही जुने बोर्ड तो आकडा रक्कम समजून दाखवतात. रीडरच्या सेटिंगमध्ये शिल्लक म्हणून ठरावीक मर्यादा, समजा १०० रुपये, पाठवायला सांगा.

जुन्या मशीनांत आधी कार्ड, मग बटण, हाच क्रम चालतो. आधी वस्तू निवडून मग टॅप करायची सोय तिसऱ्या पातळीच्या नव्या बोर्डांत असते. दारावर मोठ्या अक्षरांत ‘आधी कार्ड, मग बटण’ असं लिहा. आणि सत्राची मुदत २० ते ३० सेकंदांवर आणा. टॅप करून कुणी विचार बदलून निघून गेलं आणि सत्र मिनिटभर उघडं राहिलं, तर पुढच्या माणसाला त्याच्या पैशांनी थंडपेय मिळतं.

एकाच मशीनवर बँकेचं कार्ड घेणारा रीडर आणि कॅन्टीनच्या कार्डाचा रीडर असे दोन्ही लावायचे असतील, तर दोघांना १० हा पत्ता देऊ नका. दोघं एकदम उत्तर देतात आणि बोर्डाला कुणाचंच कळत नाही. एकाला ६० वर टाका. बोर्डाला ६० माहीत नसेल तर दोन रीडरचा नाद सोडा.

स्वतः बोर्ड बनवणाऱ्यांसाठी थोडक्यात: वेग ९६०० बॉड, पण शब्द नऊ बिटांचा, आणि उत्तर ५ मिलिसेकंदांच्या आत सुरू व्हायला हवं. रास्पबेरी पायवर लिनक्समधून पॅरिटी उलटसुलट करून नववा बिट काढता येतो, पण वेळ पाळली जात नाही आणि दिवसातून दहादा रीडर हरवतो. एसटीएम३२ किंवा एटमेगा३२८ ला नऊ बिट जन्मतः येतात. वायर त्यांच्याकडे द्या आणि इंटरनेटचं काम दुसऱ्या चिपला. मध्ये ऑप्टोकपलर हवाच.

कोणतं कार्ड

रस्त्यावरच्या कुणाच्याही बँक कार्डावरून पैसे घ्यायचे असतील तर रीडर घरी बनवता येत नाही. प्रमाणित उपकरण आणि पैसे जमा करून घेणारी बँक किंवा तिची एजन्सी लागते. माणूस समोर नसलेल्या जागेसाठी प्रमाणित केलेला रीडरच मागा. दुकानातलं हातात धरायचं यंत्र दारात बसवलं की काउंटरचे नियम आणि विना-माणूस जागेचे नियम वेगळे पडतात, आणि वाद झाला तर अंगाशी तुमच्या येतं.

भारतात जानेवारी २०२१ पासून पाच हजार रुपयांपर्यंतच्या टॅपला पिन लागत नाही. कार्ड खाचेत घातलं तर मात्र पिन लागतो. म्हणून २०-३० रुपयांच्या मशीनला आकड्यांची पाटी नसलेला, फक्त टॅपचा रीडर पुरतो. तो स्वस्त असतो, त्यात पाणी जात नाही आणि कुणी च्युइंगम कोंबू शकत नाही.

डेबिट कार्डावरच्या शुल्काला रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे. वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या विक्रेत्याला कार्ड यंत्रावर ०.४० टक्के, त्यावर ०.९० टक्के. रुपे डेबिट आणि यूपीआयवर जानेवारी २०२० पासून हे शुल्क शून्य आहे. पण इथे गल्लत होते. टक्का कमी दिसला तरी रीडरचं मासिक भाडं बघा. समजा रोज ३० वस्तू २० रुपयांच्या, म्हणजे महिन्याला १८,००० रुपये. भाडं ९०० असेल तर पाच टक्के तिथेच गेले. रोज दहाच वस्तू जात असतील तर पंधरा टक्के. अशा मशीनला कार्ड लावूच नये.

पैसे आधी नुसते अडवून वस्तू पडल्यावर उचलायचे, की आधी कापून अपयश आलं तर परत करायचे, हे करार करण्याआधी विचारून घ्या. पहिल्या पद्धतीत गिऱ्हाईकाला काही जाणवत नाही. दुसऱ्या पद्धतीत परतावा यायला काही दिवस जातात आणि तेवढे दिवस दारावरच्या नंबरवर फोन येत राहतात.

यूपीआयचं काय, हा प्रश्न येणारच. छापील क्यूआर चिकटवून काम होत नाही. पैसे आले हे मालकाच्या फोनला कळतं, मशीनला नाही. प्रत्येक विक्रीला रक्कम आणि व्यवहार क्रमांक घातलेला नवा क्यूआर पडद्यावर काढावा लागतो आणि पेमेंट गेटवेकडून यशाचा निरोप मशीनपर्यंत यावा लागतो. एकदा तो निरोप आला की पुढचं सगळं टॅपसारखंच.

कारखान्याच्या किंवा कॉलेजच्या आवारात स्वतःचं कार्ड काढणं सोपं आहे, आणि तिथे रीडर स्वतः जोडता येतो. हजेरीचं ओळखपत्र बहुधा मायफेअर क्लासिक असतं. त्यावर शिल्लक लिहू नका. त्याचं क्रिप्टो-१ हे कुलूप २००८ मध्येच फुटलंय, आणि कार्डाचा क्रमांक जसाच्या तसा उतरवून घेणारी कोरी कार्डं सहज मिळतात. शिल्लक सर्व्हरवर ठेवा, दिवसाची मर्यादा लावा, जमलं तर जास्त सुरक्षित अशी डेसफायर कार्डं घ्या. कायद्याची एक बारीक गोष्ट: कार्ड देणारा स्वतःचाच माल विकत असेल, तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, मात्र शिल्लक रोखीत काढता येत नाही. कार्ड कंपनीचं आणि माल ठेकेदाराचा, असं असेल तर ते या व्याख्येत बसत नाही. आधी सल्ला घ्या.

आरसी५२२ हा साधा रीडर ३.३ व्होल्टचा आहे, ५ दिले की गेला. पत्र्यामागून तो काही वाचत नाही. अँटेनापेक्षा चोहोबाजूंनी १०-१५ मिलिमीटर मोठी खिडकी कापून वर ॲक्रिलिक लावा, आणि मागे धातू असेल तर मध्ये फेराइटचा पातळ तुकडा.

पल्सचं मशीन

इथे बोर्डाला फक्त टिचक्या कळतात. नाणं पडलं की ॲक्सेप्टर ‘कॉइन’ वायर क्षणभर ग्राउंडला खेचतो, बोर्ड टिचक्या मोजतो. आपण त्याच वायरीवर तशाच टिचक्या द्यायच्या, की बोर्डाला नाणी पडल्यासारखं वाटतं.

टिचकी किती लांब द्यायची ते अंदाजाने ठरवू नका. ॲक्सेप्टरवर जलद, मध्यम, संथ असा खटका असतो, म्हणजे साधारण २०, ५० आणि १०० मिलिसेकंद. स्वस्तातला लॉजिक ॲनालायझर लावा, पाचाचं नाणं टाका, आणि जे दिसेल त्याची नक्कल करा. ५० ची टिचकी आणि १०० ची उसंत धरली, तर एका टिचकीला एक रुपया या हिशेबाने २० रुपयांना तीन सेकंद लागतात. तेवढ्यात गिऱ्हाईक बटण दाबून ‘पैसे कमी’ असा संदेश बघून वैतागतं. बोर्डात पाच रुपयांची टिचकी ठरवता आली तर चारच टिचक्यांत काम होतं.

रिले वापरू नका. त्याचे संपर्क मिटताना थरथरतात आणि बोर्ड चाराऐवजी सहा मोजतो. पीसी८१७ ऑप्टोकपलर घ्या, त्याचा ट्रान्झिस्टर ‘कॉइन’ आणि ग्राउंड यांच्यामध्ये. रीडर आणि टिचक्या सांभाळणाऱ्या ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलरचे ३.३ व्होल्ट आणि ४७० ओम रोधक यांतून सुमारे साडेचार मिलिअँपिअर मिळतात. साध्या पीसी८१७ मध्ये वाईटात वाईट निम्मा प्रवाह पलीकडे येतो, म्हणजे दोन मिलिअँपिअर. बोर्डावर ५ व्होल्टला ४.७ किलोओमने ओढ (पुल-अप रोधक) असेल तर एकच लागतो, भागलं. ओढ १२ व्होल्टला असेल तर अडीचपर्यंत लागतो आणि मग वायर पूर्ण खाली येत नाही. कधी मोजतं, कधी नाही, असा भुताटकीसारखा दोष येतो तो इथून. तिथे २२० ओम लावा.

ईएसपी३२ च्या काही पिना चालू होतानाच आपोआप हलतात. १४ नंबरच्या पिनेवर टिचक्या जोडल्या तर दर वेळी वीज गेली-आली की फुकट माल पडेल. २५, २६, २७, ३२, ३३ यांतली घ्या आणि १० किलोओमने ग्राउंडला बांधा. हे सगळं ॲक्सेप्टरचा खटका ‘एनओ’ वर, म्हणजे एरवी उघडा, असेल तर. ‘एनसी’, म्हणजे एरवी मिटलेला, असेल तर समांतर जोडून काहीच होणार नाही.

आता तो अर्धा राहिलेला प्रश्न. पल्सच्या मशीनमध्ये परत येणारी वायरच नाही, रीडरला माल पडल्याचं कधीच कळत नाही. एकच मोटर असेल तर तिच्या दोन टोकांवर दुसरा ऑप्टोकपलर लावा. २४ व्होल्टच्या मोटरला ४.७ किलोओम पुरतो, आणि मोटरच्या उलट झटक्यासाठी एलईडीला उलटा समांतर १एन४१४८ डायोड. पण मोटर फिरली म्हणजे माल पडला असं नाही. एमडीबीच्या बोर्डातसुद्धा ‘दिली’ याचा अर्थ बहुतेक वेळा माल पुढे ढकलणाऱ्या स्पायरलने (स्प्रिंगसारख्या तारेने) एक फेरा पूर्ण केला, एवढाच असतो. चिप्सचं पाकीट कोपऱ्यावर लटकलेलं असतं आणि बोर्ड बिनधास्त ‘दिली’ म्हणतो.

खरी खात्री हवी तर माल पडतो त्या खोबणीच्या तोंडाशी इन्फ्रारेडची ओळ बसवा, २५ मिलिमीटर अंतराने. एक मीटरवरून पडणारी वस्तू तिथे ताशी १६ किलोमीटरच्या, म्हणजे सेकंदाला ४.४ मीटरच्या वेगाने येते. १५ मिलिमीटर जाडीचं चॉकलेट आडवं पडलं तर किरण फक्त साडेतीन मिलिसेकंद तुटतो. प्रोग्राममध्ये कुठे ५० मिलिसेकंदांची विश्रांती ठेवली असेल तर दहापैकी नऊ चॉकलेटं निसटतील. ट्यूबलाइट आणि ऊन यांपासून वाचायला ३८ किलोहर्ट्झचा किरण आणि टीएसओपी१७३८ हा रिसीव्हर चांगला, पण त्याला अखंड किरण दिला की तो गोंगाट समजून गप्प होतो. अर्धा मिलिसेकंद चालू, अर्धा बंद असा द्या. लागोपाठ दोन झोत हुकले तर वस्तू पडली असं धरा, आणि मोटर सुरू झाल्यापासून दहा सेकंदांच्या आतलंच मोजा. नाहीतर खालून हात घालणारं पोरही ‘माल’ ठरेल.

एमडीबीच्या मशीनला हा सेन्सर लावायचा तर बोर्डाला त्याची सोय असावी लागते. असेल तर तो आधी लावा, रीडर मागाहून. उलट क्रमाने गेलात तर मधले दोन महिने परताव्यातच जातील.

वीज आणि रेंज

पल्सच्या मशीनमध्ये ॲक्सेप्टरच्या १२ व्होल्टमधून मोडेम चालवू नका. त्या वायरीवर शंभर मिलिअँपिअरसुद्धा घेतले जात नसतात, आणि सिम८०० सारखं जीएसएम मोड्यूल झोतात दोन अँपिअर ओढतं. १२ व्होल्ट ३ अँपिअरचा स्वतंत्र वीजपुरवठा (एसएमपीएस) घ्या आणि मोडेमच्या पायाशी १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. कॉम्प्रेसर सुरू होताना रीडर रीसेट होत असेल तर कॉम्प्रेसरच्या रिलेवर १०० ओम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ स्नबर लावा. आणि अर्थिंग खरंच आहे का ते बघा. तिसरी पिन प्लगमध्ये दिसते, भिंतीमागे बऱ्याचदा नसते.

सिम८०० फक्त टूजी आहे आणि जिओकडे टूजी नाहीच. सिम घालून दोन दिवस डोकं खाजवण्याआधी हे आठवा, आणि नवीन घेताना फोरजीचंच मोड्यूल घ्या. मशीन म्हणजे पत्र्याचं कपाट, आतली अँटेना आतच ओरडते. ती छतावर काढा. मोडेमचा सीएसक्यू (रेंज दाखवणारा) आकडा १० च्या खाली, म्हणजे सुमारे उणे ९३ डीबीएमपेक्षा कमी असेल, तर त्या तळघरात कार्ड चालणार नाही. जागा तरी बदला, नाहीतर वायफाय घ्या. आवारातल्या वायफायवर लॉगिनचं पान उघडत असेल तर रीडर तिथे अडकतो, त्याला पान भरता येत नाही. आयटी विभागाकडून त्याच्या मॅक पत्त्याला सूट घ्या.

सोडण्याआधी

टॅप करून बटण न दाबता निघून जा, सत्र मिटतं का बघा. संपलेल्या कप्प्याचं बटण दाबा. टॅप केल्यावर अँटेना उपटा. मोटर फिरत असताना प्लग ओढा आणि परत लावल्यावर त्या व्यवहाराचं काय झालं ते रीडरच्या नोंदीत शोधा. एका हातात नाणं आणि दुसऱ्यात कार्ड घेऊन दोन्ही एकदम करा, पल्सच्या मशीनमध्ये टिचक्या इथेच मिसळतात. पाकीट मुद्दाम चिकटपट्टीने अडकवून ठेवा.

बऱ्याच एमडीबी मशीनमध्ये ६.३५ मिलिमीटरच्या जॅकवर डेक्स पोर्ट असतो, मशीनच्या विक्रीचा हिशेब काढून घ्यायचा, जुन्या हेडफोनला असायचा तसा. त्यातून निघणाऱ्या यादीत सीए२ ही रोख विक्री आणि डीए२ ही कॅशलेस. पहिला महिनाभर रोज तीन आकडे शेजारी मांडा: डीए२, बँकेत जमा झालेले व्यवहार, आणि कप्प्यांतून रोखीवाचून कमी झालेला माल, हाताने मोजलेला. बँकेचा आकडा डीए२ पेक्षा जास्त असेल तर कुणाचे तरी पैसे गेले आणि माल मिळाला नाही, परतावे तपासा. डीए२ जास्त असेल तर बँकेने नाकारलेल्या व्यवहारावर रीडर ‘दे’ म्हणतोय, किंवा रेंज नसताना उधारीवर विकण्याची सेटिंग चालू राहिलीय. दोन्ही जुळले आणि मालच जास्त कमी झाला, तर भरणाऱ्याने कप्प्यात मोजून भरलंय का ते आधी विचारा, मग स्पायरलचा फेरा बघा. दोन पाकिटं एकदम पडत असतील तर तो स्पायरल त्या मालासाठी जास्त सैल आहे, त्या वस्तूसाठी कमी अंतराचा लावा.